हिरव्या दोऱ्याची बॅग

चेनमास्तर म्हणजे बॅगांचे डॉक्टर. तुटलेली चेन, निखळलेलं चाक, काहीही आणा, गप्पा मारता मारता ते ठीक करून देणार. बॅग उलटी करून झटकली की कुणाच्या बॅगेतून वाळू पडायची, कुणाच्या लाल माती, कुणाच्या रानातली पानं. "एवढ्याशा टेबलावर आख्खा देश सांडतो," असं मास्तर ऐटीत म्हणायचे. स्वतः मात्र कधी गावाबाहेर पडले नव्हते.

तयार बॅगांना रंगीत दोरे बांधायचं काम मास्तरीणबाईंचं. कुणाची बॅग कोणती, यात त्यांचा हात कधी म्हणजे कधी चुकला नव्हता. त्यांचं एकच मागणं होतं, हातपाय चालताहेत तोवर बर्फ बघायचा.

शेवटी मास्तर सुट्टीला तयार झाले, पण समुद्रावर! "बर्फात काय बघायचंय? सगळं पांढरंफटक. वर गुडघे धरतील ते वेगळंच." बाईंनी एवढंसं तोंड करून बॅग भरली.

निघायच्या सकाळीच दातांचे डॉक्टर धापा टाकत दुकानात आले. गच्च भरलेल्या बॅगेची चेन तुटलेली आणि बर्फाच्या डोंगराकडे जाणारी गाडी सुटायला आलेली. मास्तरांनी चुटकीसरशी चेन बसवली. बाईंनी दोरे बांधले, लाल दोऱ्याची बॅग डॉक्टरांच्या हातात दिली, हिरव्या दोऱ्याची आपल्यासाठी ठेवली. दोन्ही बॅगा निळ्या, जुळ्या बहिणीच जशा.

समुद्राकाठच्या खोलीत मास्तरांनी हिरव्या दोऱ्याची बॅग उघडली. आत लोकरी टोप्या, हातमोजे आणि गोधडीएवढा स्वेटर! मास्तरांना दरदरून घाम फुटला. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो मास्तर, इथे बर्फ पडतोय," पलीकडून डॉक्टर खो खो हसत होते, "आणि माझ्या हातात तुमची फुलाफुलांची हाफ पँट! बायकोची शाल पांघरून बसलोय."

"धंद्याचं नाक कापलं गेलं!" मास्तर तडक उठले. "चल गं, बॅग पोचवायलाच हवी."

आणि मग काय विचारता! नारळाची झाडं मागे पडली, तोवर पिवळीधमक शेतं आली. चहाच्या प्रत्येक थांब्यावर भाषा वेगळी, पागोटी वेगळी, चहासुद्धा वेगळा. एका आजोबांचं अवाक्षर कळत नसताना मास्तर त्यांच्याशी तासभर बोलले आणि त्यांच्या पिशवीचा बंद शिवून दिला. नदी दिसली की मास्तर उठून उभे, घाट आला की टाळ्या. "अगं, हे सगळं आपलंच? एवढं सगळं?" अख्खी बस त्यांच्याकडे बघून हसत होती.

वर थंडी वाढली, तेव्हा दोघांनी डॉक्टरांच्याच टोप्या घातल्या. डॉक्टरांनी ते ध्यान पाहिलं आणि पोट धरून हसले. टोप्याही बक्षीस दिल्या.

बाहेर बर्फ भुरभुरत होता. बाई हात पसरून उभ्या होत्या. डोळ्यांना धार लागलेली आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. मास्तरांना एकदम भरून आलं. या बाईला आपण उगाच इतकी वर्षं थांबवलं, असं वाटलं. मग हिरवा दोरा आठवला.

"काय गं, तुझा हात तर कधी चुकत नाही."

"वय झालं हो आता," बाई बर्फाकडेच बघत म्हणाल्या.

मास्तरांनी त्यांच्या टोपीवरचा बर्फ झटकला.

"बरं, वाळवंटाला निघालेलं कुणी गिऱ्हाईक आलं तर पुन्हा अशीच चूक कर."