भाड्याची डिस्क

चूक माझीच होती. लातूरच्या माझ्या क्लासमधल्या मुलींचे फोटो, मोबाईल नंबर आणि घरचे पत्ते मी नांदेडहून भाड्याने आणलेल्या हार्ड डिस्कवर ठेवले होते. परत करताना फाइली नुसत्या डिलीट केल्या आणि निश्चिंत झालो.

महिन्याभराने एक बाई तीच डिस्क टॉवेलात गुंडाळून क्लासवर आल्या. त्या मुखेडला लग्नांचं शूटिंग करायच्या. माझ्यानंतर डिस्क त्यांनी भाड्याने घेतली होती. त्यांच्या हातून एक लग्न चुकून डिलीट झालं. ते परत मिळवताना माझ्या क्लासचे फॉर्मही बाहेर आले.

“नवरी सापडली सर, पण वऱ्हाड तुमचं निघालं,” त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. “तुमी नुस्तं वरून झाकलं होतं. खाली समदं तसंच हाय.”

जुनं काहीच पुन्हा बाहेर काढता येऊ नये म्हणून त्यांनी माझ्याच संगणकावरून अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहायला लावली आणि दुपारभर बसून राहिल्या. पडद्यावरची पट्टी जरा सरकली, की पदराने चष्मा पुसून पुन्हा बघायच्या.

“आता खुशाल परत करते. पोरींना सांगितलं का?”

“कशाला घाबरवायचं त्यांना?”

“माझी पोरगी पुढच्या साली इथंच घालायची हाय. तिलाबी असंच अंधारात ठेवणार का?”

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला मी मुलींसमोर उभा राहिलो. “तुमची माहिती मी परक्याच्या हाती जाऊ दिली,” मी म्हणालो, “आणि तुमच्यापासून लपवणार होतो. दोन्हींसाठी मला माफ करा.”