साडूची फेरतपासणी

माझ्या साडूची पेन्शन माझ्यापेक्षा जास्त आहे, ही गोष्ट मला त्याच्याच झोपाळ्यावर बसून, त्याच्याच घरची कोलंबीची भजी खाताना समजली. हातातलं भजं मी परत ताटलीत ठेवलं.

दत्ताराम म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा, शालूचा नवरा. तो अष्टमी गावात, मी पेणला. दोघंही झेडपीचे मास्तर, दोघंही जुन्या पेन्शनवाले, निवृत्तही एकाच वर्षी झालो. पण झेडपीत मी त्याच्या दोन वर्षं आधी लागलो होतो! सेवा माझी जास्त, मग पेन्शन त्याची जास्त कशी? (तोवर माझी अशी समजूत होती की सरकारला वजाबाकी येते.)

“अहो साडूभाऊ, झेडपीत यायच्या आधी मी चार वर्षं कोलाडच्या अनुदानित शाळेत होतो ना!” दत्ताराम भज्यांची ताटली पुढे सरकवत म्हणाला. “ती सेवा जोडून मिळाली. म्हणून वरची वेतनश्रेणी लवकर लागली, शेवटचा पगार वाढला, आणि पेन्शन त्या पगारावरच ठरते. घ्या ना, लाजताय काय?”

मी लाजत नव्हतो. जळत होतो!

एसटीत बायकोने विचारलं, “गप का?”

“त्या चार वर्षांत काहीतरी काळंबेरं हाय.”

“शालूच्या नवऱ्याच्या नोकरीशी तुम्हाला काय करायचंय?”

“मला न्याय हवाय!”

“न्याय नाय, तुम्हाला झोपाळा हवाय,” ती म्हणाली.

आठ दिवस खपून मी तक्रार अर्ज लिहिला. त्यात ‘लबाडी’ हा शब्द पाच वेळा होता आणि सही एकदाही नव्हती. अर्ज घेऊन मी स्वतः झेडपीच्या ऑफिसात गेलो. टेबलावरच्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

“गुरुजी, निनावी अर्जावर कारवाई होत नाय. नाव लिहा, सही करा.”

“नाव गुप्त राहील ना?”

“ऱ्हाईल की!” असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

आता सही माझी म्हटल्यावर भाषा मवाळ करणं भाग होतं. तिथेच बाकावर बसून मी अर्ज नव्याने लिहिला. ‘लबाडी’च्या जागी ‘त्रुटी’ आली. ‘कठोर कारवाई व्हावी’ याच्या जागी आलं, ‘सदर शिक्षकाच्या सेवेची बारकाईने फेरतपासणी होऊन योग्य तो न्याय मिळावा.’ (न्याय म्हणजे वसुली, हे त्यांना कळेल असं मी धरून चाललो.)

पुढचे तीन महिने मी फार आनंदात काढले. दर आठवड्याला फोन करायचो. “काय दत्ताराम, बरंय ना? काही पत्रबित्र?”

“कसलं पत्र?”

“नाय, सहजच!”

आणि एका सकाळी दत्ताराम आणि शालू पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे! मी काही बोलायच्या आत दत्ताराम वाकून माझ्या पाया पडला.

“साडूभाऊ, तुम्ही देवमाणूस!”

त्याने कागद माझ्या हातात दिला. वरच ठळक अक्षरांत माझं नाव, माझा पत्ता, ‘यांच्या अर्जानुसार’! फेरतपासणी अगदी बारकाईने झाली होती. कोलाडची चार वर्षं चोख निघाली. मात्र मध्येच एक वेतनवाढ द्यायची राहून गेल्याचं उघड झालं. ती आता मिळाली. पेन्शन आणखी वाढली. थकबाकी वेगळी!

मी कागद दोनदा वाचला. मनाला टोचणी लागली. “दत्ताराम, खरं सांगू? अर्ज लिहिताना माझा हेतू तसा नव्हता.”

“बघ शालू, अजून कबूल करत नायत! केवढा मोठेपणा!”

शालूने डोळ्यांना पदर लावला. “सख्खा भाऊ करणार नाय गो ताई एवढं!”

बायकोने पेढा उचलला आणि माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, “व्हय गो. आठ दिवस झोप नव्हती यांना तुझ्या नवऱ्यापायी.”

तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं की वेतनवाढ माझीही कुठे राहिली असेल की! मी दत्तारामला बाजूला घेतलं. “माझं एक काम करा. माझ्याविरुद्ध एक अर्ज टाका. याला पेन्शन जास्त मिळते, संशय येतो, असं लिहा.”

तो अगदी मनापासून म्हणाला, “लिहिलं असतं साडूभाऊ, पण तुमची पेन्शन बघून संशय कुणाला येणार?”

तेव्हा मला त्याचा पहिल्यापेक्षाही जास्त हेवा वाटला. त्याला निदान माझ्यासारखा साडू तरी मिळाला होता!