मथुरा अन् गिरजाबाईचा नळ

मथुरा कोणाशी गोड बोलली, असं मले तं आठवत नाही. लेबर कॅम्पात बायका तिले 'मिरची' म्हणत. ती पलटून म्हणे, "मंग तोंड कावून लावता वं?" पण कोरड्या भिंती घासून घासून तिच्या छातीत खोकला बसला होता. डॉक्टरनं सांगतलं होतं, "आता धूळ खाल्ली तं जाशील."

कारखाना उभा होऊन राहिला होता, सेक्टरातले कारखान्याचे क्वार्टर नवेच. तिथं एका फोरमनची बायको, गिरजाबाई, आपल्याच भंडाऱ्याकडची. तिले बैठकीतली सिमेंटची भिंत खडबडीत वाटे. घासून गुळगुळीत कराले मुकादम धोंडबानं मले अन् मथुराले पाठवलं.

भिंत घासाचं काम असं असते बाबू, तू लिहून घेऊन राहिला तं नीट लिही. भिंत ओली करत राहाची, तोंडाले ओला फडका बांधाचा, अन् दगड गोल गोल फिरवाचा. चिखल खाली येते, धूळ उडत नाही. कोरडं घासलं का पिठाची चक्कीच सुरू, अन् ते पीठ छातीत जाऊन जमते.

मथुरा बादली घेऊन नळाकडे गेली. गिरजाबाई आडवी आली. "कोण तुम्ही?"

"बौद्ध."

"तेच तं! नळाले हात नको लावू."

"मंग तुम्ही द्या भरून."

"मी काय तुमची पाणी भरणारी हाय? कोरडंच घासा. अन् दारं लावून घ्या, अंगणात माह्या वड्या वाळून राहिल्या."

धोंडबा आला, तोही तिच्याच बाजूनं. "घास, नाहीतं उद्यापासून येऊ नको."

मथुरा म्हणे, "तूच बस ना आतमधी दगड घेऊन. मी बाहेरून कडी लावते!"

अन् तिनं पदर खोचला, गिरजाबाईले खांद्यानं बाजूले सारलं, नळ सोडला. "बाटवला वं, बाटवला!" गिरजाबाईनं सारी गल्ली गोळा केली. मथुरा म्हणे, "कारखान्याचं पाणी हाय. तुह्या बापानं विहीर नाही खणली."

आम्ही दोघींनी ओली भिंत घासली. तिकडे गिरजाबाई राखुंडी घेऊन नळ घासत बसली. मथुरा खोकत खोकत ओरडली, "पाणी घे माय, कोरडं नको घासू, धूळ उडते!"

अर्धी भिंत झाली, तेवढ्यात धोंडबानं तिले कामावरून काढलं. मीही दगड टाकून निंघाली. दुसऱ्या दिवशी त्यानं दुसऱ्या बायका नेल्या. नळाले कुलूप होतं. बायका उंबऱ्यावरच बसल्या. मथुराचा खोकला सगळ्याइनं ऐकला होता, पाण्याबिगर एकही आत जाईना.

आखरीले धोंडबाच सडकेवरच्या टाकीतून बादल्या आणत राहिला, शिव्या देत देत.

मथुराले काही त्यानं परत बोलावलं नाही. अन् बोलावलं असतं तं तिनं त्याले दारात उभंही नसतं केलं.