वाटीतली मुंगी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही. देवापुढे बसले तेव्हाही नाही – तिथे मी दुसरंच काहीबाही बोलत राहिले. तुम्ही आमच्या डिंगोरे गावचे नाही, आमच्या घरातल्या कुणाला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

कुठून सुरुवात करू? भोपळ्यापासून करते. भोपळ्याविषयी बोलताना मी अडखळत नाही.

बाळाला पहिलं वरचं अन्न द्यायचं तर लाल भोपळ्यासारखं दुसरं काही नाही. साल जाड काढायची, बियांबरोबर आतले दोरही खरवडून टाकायचे, फोडी झाकण घालून वाफवायच्या आणि धुतलेल्या मलमलीच्या फडक्यातून पिळून घ्यायच्या. रताळ्यात शिरा फार, ते दोनदा गाळावं. केळं नुसतं कुस्करून भागत नाही, गुठळी राहते. ते बोटांनी चांगलं फेटावं. केळी मी जुन्नरच्या बाजारातून, एका ठरलेल्या बागवानाकडचीच मागवायची. आमच्याकडे लोक हसायचे – पोराला केळं द्यायला एवढा थाट कशाला? मी हसू दिलं. काम करायचं तर नीट करावं, असं माझं आहे.

ते पोर माझं नव्हतं. धाकट्या जावेचं, सगुणाचं होतं. मला मूल झालं नाही. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

सगुणाला दोन मुलगे होते. तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा चुलीपाशी बसून, सासूबाईंच्या देखत, आपण होऊन ती म्हणाली, "आक्का, आवंदाचं तुमच्या वटीत. पोरगा असू नायतर पोरगी." मी मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर इतकं लागलं नसतं, असं वाटतं – की तरीही लागलं असतं?

त्यानंतर मी तिला हंडा उचलू दिला नाही. तिच्या वाटची खुरपणी मी केली. बाळंतपणात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मुलगा झाला. मी कुंची शिवली, झबली शिवली, आमच्या खोलीत झोळीसाठी दोर बांधला. बारसं झालं, पाहुणे गेले, आणि मी तिला विचारलं, आता कधी?

ती हसली. "बोलायचं म्हणून बोलले व्हते वो, आक्का. त्येचं काय धरून बसलाय? आईचं काळीज हाय ना."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी भाकरी उलटली. "मला काय आयकू आलं न्हाय बाई," म्हणाल्या.

जमिनीच्या तुकड्यावरून कुणी फसवलं तर चावडीवर माणसं जमतात. चुलीपाशी दिलेला शब्द मोडला तर कुणाकडे जायचं? मी खोलीत जाऊन दोर सोडला. रडले नाही. पण ते हसणं – ते मात्र माझ्या अंगात राहिलं. नऊ महिने पाणी मी वाहिलं, आणि माझी समजूत काढल्यासारखी ती हसली.

मामाने उष्टावण केलं तेव्हा बाळाला सहा महिने झाले होते. बाजरीची काढणी आली. सगुणा सकाळीच रानात जायची, भर दुपारी धावत घरी यायची, छाती भरून आलेली, चोळी ओली. मधल्या वेळात पोर माझ्यापाशी. मी त्याला भोपळा भरवायची. तो माझं बोट चोखून साफ करायचा. पोट भरलं की सगुणा आली तरी तोंड फिरवायचा.

पहिले चार दिवस हे माझ्या लक्षात आलं नाही. पाचव्या दिवशी आलं. सहाव्या दिवसापासून मी तिची वाट बघून, ती बांधावर दिसली की शेवटची दोन बोटं जास्त भरवू लागले. वर थोडा गूळ.

सगुणा घाबरली. पदराखाली घेतलं की पोर रडे, पाठ ताठ करी. दृष्ट काढून झाली. मग सासूबाई म्हणाल्या, दुधातच काही आलंय, बघायला पाहिजे.

आमच्याकडे अंगावरच्या दुधाचा संशय आला की ते वाटीत काढून त्यात मुंगी सोडतात. मुंगी काठाला लागून बाहेर आली तर दूध निर्मळ. बुडून मेली तर दूध वाईट, बाळाला द्यायचं नाही.

"थोरलीला बघू द्या," सासूबाई म्हणाल्या. "मास्तराची लेक हाय. तिला रडाय-भेकाय ठावं न्हाय. हाय त्ये सांगल."

आणि सगुणाने वाटी माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी दिली. म्हणाली, "तुमीच बघा, आक्का."

इथे मला थांबावंसं वाटतं. लिहिताना दोनदा उठून पाणी पिऊन आले. पण आता काय उरलंय?

मी परसात गेले. जोत्याच्या भेगेतली एक काळी मुंगी धरून दुधात सोडली. ती बुडाली, वर आली, पाय मारत काठाला लागली आणि चढून बाहेर आली. वाटीच्या कडेवर थांबून मिश्या पुसत होती.

मी ती बोटाने दाबली. परत दुधात टाकली. वाटी आत नेऊन सगुणाच्या पुढे ठेवली. तोंडाने काही बोलले नाही. खोटं बोलले नाही – असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होते. किती सोपं असतं ते!

त्याच दिवशी तिची छाती बांधली. दूध सहजी आटलं नाही; गाठी झाल्या, ताप आला. पिळून काढलेलं दूध ती परसातल्या राखेत टाकायची, आणि सकाळी तिथे मुंग्यांची रांग लागलेली असायची. जिवंत, तुरुतुरु चालणारी. सगळ्यांच्या आधी उठून ती रांग मी केरसुणीने झाडत होते. किती दिवस? वीस तरी.

पोर माझ्या हातचं खाऊन गुटगुटीत झालं. गाव मला नावाजू लागलं. पण पाय फुटल्यावर ते चालत गेलं ते सगुणाकडे. तिन्हीसांजेला ती रानातून आली की हातातला घास टाकून पळायचं. पोरानेही फसवलं, असं मला तेव्हा वाटलं. बघा, अजून मीच फसवले गेले होते!

दोन वर्षांनी सगुणाला मुलगी झाली. तिने तिला एकदाही छातीशी घेतलं नाही. "न्हाय आक्का, माझ्या दुधात इख हाय," म्हणाली, आणि आपणच फडकं घेऊन छाती बांधून घेतली. फडक्याची गाठ मी मारली. पाठीमागून. तेव्हा बोलायचं होतं. एकच वाक्य पुरलं असतं.

मुलगी शेळीच्या दुधावर ठेवली. तिला ते मानवलं नाही. दोन महिने काढले तिने. भोपळा भरवायच्या वयाची ती झालीच नाही.

सुतकाचे दिवस सरल्यावर सगुणा माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "त्या वक्ताला तुमी बघितलं म्हणून बरं, आक्का. न्हायतर पोरगा बी गेला असता." आणि माझा हात धरला. तोच हात. मी धरू दिला.

आता तो मुलगा नांगर धरतो. परसातल्या वेलाचा पहिला भोपळा सगुणा अजून माझ्यापुढे आणून ठेवते. मघाशी ती उंबऱ्यात आली होती.

"येवढं काय लिवताय, आक्का?"

"माहेरी पत्र," म्हटलं.

मुंगी जिवंत होती. दूध चांगलं होतं. आणि सगुणाला वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे.