आतले, बाहेरचे आणि सातवं पान

साध्या कपड्यांतल्या त्या माणसाने चहा नको म्हटलं, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हा सहज आलेला नाही. खुर्चीच्या कडेवर बसून त्याने खिशातून घडी घातलेला एक कागद काढला, टीपॉयवर पसरला आणि विचारलं, "सर, हे तुमचंच ना?"

माझंच होतं. माझ्या निबंधाचं सातवं पान.

मी जळगावात राहतो आणि एरंडोलकडच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. रोज एसटीने जाणं-येणं. त्या वर्षी धुळ्याच्या एका चर्चासत्रात मला निबंध वाचायचा होता. विषय होता देशातल्या आणि देशाबाहेरच्या दहशतवादी संघटनांची तुलना, आणि त्यांतून धोका कोणाचा जास्त. मी कागदाचे उभे दोन भाग केले होते. डावीकडे 'आतले', उजवीकडे 'बाहेरचे'. बाहेरच्यांना पैसा, हत्यारं आणि शिकवण सीमेपलीकडून मिळते. त्यांचा घाव मोठा असतो, पण इथे यायला त्यांना वाट शोधावी लागते, थारा द्यायला कुणीतरी लागतं. आतल्यांची ताकद त्या मानाने कमी, पण त्यांना इथली भाषा येते, रस्ते ठाऊक असतात, कोणत्या गावात कशावरून राग साठलाय हेही ठाऊक असतं. मांडणी तशी पुस्तकीच होती. ऐकणाऱ्यांना ती जवळची वाटावी म्हणून सातव्या पानावर मी आपल्याकडची गर्दीची ठिकाणं घातली. बोदवडचं स्टेशन, पहूरचा बाजार, पद्मालयाच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी. वर मथळा दिला, 'सोपी लक्ष्यं'.

मागचंपुढचं काही नसलेलं ते एकटं पान कुणाच्या हाती लागलं तर तो काय समजेल, हे मला, राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाला, सुचलं नव्हतं. कच्चा मसुदा म्हणून मी तो पाठकोऱ्या कागदांवर छापून घेतला होता. सातव्या पानाच्या मागे आमच्या विभागाचं जुनं वेळापत्रक होतं. त्यावरूनच माग काढत हा माणूस माझ्या दारात आला होता.

"तुम्हाला हे कुठे मिळालं?" मी विचारलं.

"ते राहू द्या. ही यादी कशासाठी केली, ते सांगा."

मी आतून बाकीची पानं आणली, चर्चासत्राचं पत्र आणलं. त्याने सगळं नीट वाचलं. मग एकेक विचारायला लागला, आणि ते सगळे प्रश्न डाव्या बाजूचे होते. आतल्यांबद्दल एवढं कुठून कळलं? त्यांच्यातल्या कुणाला भेटलात का? 'त्यांचा राग कुठून येतो ते समजून घ्यावं लागेल' असं लिहिलंय, म्हणजे नक्की काय म्हणायचंय? उजव्या बाजूबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. मध्येच त्याची नजर कपाटावरच्या आमच्या बुद्धमूर्तीकडे गेली. ती तिथे क्षणभर जास्त थांबली, की मलाच तसं वाटलं, हे मला आजही सांगता येत नाही. तो उद्धट बोलला नाही. जाताना म्हणाला, "गरज पडली तर बोलावू."

दार लावल्यावर बायकोने विचारलं, "कोण होते हो?"

"पोलीस," मी म्हणालो, आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न सुरू झाला. पान दिलं कोणी?

कॉलेजच्या गेटसमोर एका साठीच्या गृहस्थांचं झेरॉक्सचं दुकान आहे. सगळे त्यांना आबा म्हणतात. मसुदा त्यांच्याकडेच छापला होता. त्या दिवशी आबांनी एक पान हातात धरून, चष्मा पुसून, बराच वेळ पाहिलं होतं आणि विचारलं होतं, "हाई काय शे, सर?" मी गमतीने म्हणालो होतो, "दहशतवाद, आबा." तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता मात्र ते त्यांचं पाहणं मला वेगळंच दिसू लागलं. घरी गेल्यावर एक पान कमी निघालं होतं, तेही आठवलं. मशीनमध्ये अडकलं असेल म्हणून मी सोडून दिलं होतं.

मी आबांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. दुकानात जाऊन मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "रविवारी पहूरला चाललोय. काही लोकांना भेटायचंय." आबा 'बरं' म्हणाले. सोमवारी पोलिसांचा फोन आला. निबंध चर्चासत्रासाठीच आहे, असं प्राचार्यांचं पत्र त्यांना हवं होतं, पहूरचं नावही निघालं नाही. पण मी तो फोनसुद्धा पुराव्यात जमा केला. पहूरबद्दल मुद्दाम विचारत नसतील, म्हणजे आपण सावध होणार नाही, असा माझा तर्क.

"अहो, त्या म्हाताऱ्याने कशाला दिलं असेल?" बायको म्हणाली.

"तुला माणसं कळत नाहीत," मी तिला म्हणालो.

स्टाफरूममध्ये मी हळूच सांगितलं, तिथे कागद देऊ नका, तो माणूस वाचतो आणि पोहोचवतो. चार जणांना सांगितलेलं चाळीस जणांत गेलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्प त्या हंगामात पलीकडच्या दुकानात छापले गेले. मी गेटातून बाहेर पडायचो तेव्हा आबा स्टुलावर बसलेले असायचे, मशीन बंद. मी रस्ता ओलांडून पुढे जायचो.

धुळ्याला सातवं पान काढून टाकून मी निबंध वाचला. शेवटी एका निवृत्त शिक्षकांनी उभं राहून विचारलं, "सर, सरळ सांगा. धोका कोणाचा जास्त?" मी म्हणालो, "बाहेरच्याने हल्ला केला की आपण एकत्र येतो. आतल्याचा नुसता संशय आला तरी आपण एकमेकांवर पाळत ठेवायला लागतो." टाळ्या पडल्या. बोलताना माझ्या डोळ्यांसमोर आबा होते. मला वाटत होतं, मी त्यांच्याबद्दल बोलतोय.

त्यानंतर काही आठवड्यांनी, दुपारच्या गाडीत, कंडक्टरबाई पास बघून पुढे गेल्या आणि परत आल्या. बस जवळजवळ रिकामी होती. त्या समोरच्या सीटला धरून उभ्या राहिल्या.

"सर, तुम्ही राज्यशास्त्राचे ना? एक सांगायचं होतं. तो कागद मी दिला होता."

"कोणता कागद?"

"सीटखाली पडलेला. झाडताना सापडला. वरचं वाचलं आणि हातपाय गार पडले माझे. माझा भाऊ बोदवड स्टेशनवर हमाली करतो, सर. मी डेपोत साहेबांकडे नेऊन दिला. कोणाचा ते नंतर कळलं." त्यांनी माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. "तेव्हापासून तुम्ही गाडीत चढलात की मी तुमची पिशवी बघायचे. मी चुकले का?"

"नाही ताई. बरोबरच केलंत," मी म्हणालो. त्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला. मसुदा छापला त्याच दिवशी मी बसमध्ये तो चाळत घरी गेलो होतो, हे मला एकदाही आठवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी दुकानात गेलो आणि आबांना सगळं सांगितलं. पहूरचं खोटंही सांगितलं. माझं संपल्यावर आबा म्हणाले, "सर, मले बारीक अक्षर दिसस नही. दोन्ही डोयामा मोतीबिंदू शे." मग फडक्याने मशीनची काच पुसत म्हणाले, "तुम्ही काय बोलतस ते पोरेसनी सांगं व्हतं मले. मी म्हनं, सर येतीन इचाराले. तुम्ही उनात नही."

सर विचारायला येतील, अशी त्यांनी वाट पाहिली होती. मी गेलोच नव्हतो.

स्टाफरूममध्ये मी उभा राहून सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. दोघं-तिघं लगेच आबांकडे जायला लागले. एक सहकारी मात्र म्हणाले, "असेल सर, पण आपण जपून राहिलेलं बरं." मी त्यांना पुन्हा समजावलं. त्यांनी मान हलवली, पण आबांकडे ते आजही जात नाहीत.

उन्हाळ्यात आबांचं डोळ्याचं ऑपरेशन धुळ्याला ठरलं. मी सोबत येतो म्हणालो, सुट्टीही टाकली होती.

"नको सर," आबा म्हणाले. "जवाई येस संगे."

जावयासोबत ते जाऊन आले. ऑपरेशन चांगलं झालं.