जॉबरमामांचा पंखा

जॉबरमामांना हाक मारून उठवणं कुणालाच कधी जमलं नाही. उभा जन्म सुरतेजवळ भेस्तानच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात गेल्यामुळे त्यांच्या कानांनी माणसांचं ऐकणं केव्हाच सोडून दिलं होतं. यंत्राचं तेवढं ऐकू यायचं. त्यांना उठवायचं तर पंखा बंद करावा लागे. डोक्यावरची खटखट थांबली रे थांबली, की मामा ताडकन उठून बसत आणि विचारत, "काय बंद पडनं?"

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. अमळनेरकडून सुरतेला आले, आधी लूम चालवले, मग जॉबर झाले, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करू लागले. रात्रपाळीला सगळे लूम धडधडत असताना ते बाकड्यावर गाढ झोपत आणि त्यातला एक थांबला की जागे होत. थांबलेला लूम म्हणजे कुणा कारागिराची बुडणारी मजुरी. "वाजी रायना ना? मंग चालू शे," वाजतंय म्हणजे चालू आहे, हे त्यांचं सगळ्या जगाबद्दलचं मत होतं. माझं आणि ज्योतीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, भांडण त्यांना ऐकू येत नसे. पण आमचे हातवारे बघूनही ते हेच म्हणत.

गुडघे गेले, कारखाना सुटला आणि मामा आमच्याकडे राहायला आले. बटणासाठी त्यांना सारखं उठावं लागे, म्हणून त्यांचा पंखा तोंडी हुकमावर चालेल अशी सोय करायचं मी ठरवलं. खरं सांगायचं तर समोरच्या फ्लॅटमध्ये तशी सोय झाली होती आणि ते मला बघवत नव्हतं. मी हजीऱ्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो, त्यामुळे वायरिंग आपल्याला येतंच अशी माझी समजूत. चार व्हिडिओ बघून बोर्ड उघडला आणि अर्ध्या घराची वीज घालवली. शेवटी वायरमनने येऊन बोर्डात हुकूम ऐकणारी डबी बसवली, ती माझ्या फोनला जोडून दिली. मी लगेहात पंखाही नवा आणला. अजिबात आवाज न करणारा.

मग पाहुणा आला की मी त्याला मामांच्या खोलीत नेई आणि फोनकडे बघून हुकूम सोडी, "पंखा चालू कर!" पंखा ढिम्म. वीज वाया जायला नको म्हणून मामांनी त्या डबीचंच बटण बंद केलेलं असे. मी ओरडतोय, पाहुणा छताकडे बघतोय आणि मामा कीव येऊन माझ्याकडे. "भाऊ, उठीसन बटन दाब ना. घसा कसाले फाडस?"

महिन्याभरात मामा वाळले. डोळे लाल, जेवणावर वासना नाही. विचारावं तर "मस्त शे." डॉक्टरांच्या गोळ्यांनीही फरक पडेना. मी हादरलो. वडील गेल्यावर मला शिकवलं ते याच माणसाने, पाळीवर पाळी करून. त्यात ज्योती म्हणाली, "रोज जेवण झालं की रिक्षा करून कुठेतरी जातात, सांगत नाहीत." एका शनिवारी मी स्कूटर काढून मागे गेलो.

रिक्षा जुन्या कारखान्यापाशी थांबली. मी आत शिरलो तोवर त्या सगळ्या कल्लोळात मामा बाकड्यावर चक्क घोरत होते. शेठ माझ्या कानाशी येऊन ओरडले, "रोज आवे छे. बे कलाक सूई ने जाय छे." रोज येतात, दोन तास झोपून जातात.

उठल्यावर मला बघून मामा ओशाळले. बाहेर चहा घेताना म्हणाले, "आठे झोप लागस रे भाऊ. घर गपगार शे. कायतरी बंद पडेल शे असं वाटस, मंग डोयाले डोया लागस नही."

"मग सांगायचं ना, मामा!" मी त्यांच्या कानात ओरडलो.

"तुनी इतली हौस व्हती. कसं सांगू?"

त्याच संध्याकाळी माळ्यावरचा जुना पंखा उतरवला आणि खटखटीसकट परत टांगला. डबी मात्र काढली नाही. एवढी फजिती झाल्यावर माझ्या हौसेचं काहीतरी घरात उरायला हवं होतं. तिचा उपयोगही सापडला. मामांना उठवायचं झालं की मी स्वयंपाकघरातूनच फोनला सांगे, "मामांचा पंखा बंद कर." दोनतीनदा सांगितल्यावर खटखट थांबे, आणि आतून ठरलेला प्रश्न येई, "काय बंद पडनं?" मी कप घेऊन जाई आणि खूण करी, काही नाही, चहा झालाय.

दोन वर्षं असं चाललं. मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग एका रविवारी दुपारी चहा गाळता गाळता मी हुकूम सोडला आणि पंख्याने पहिल्याच खेपेला ऐकलं. मी खूश होऊन ज्योतीला म्हणालोसुद्धा, "बघ, शिकला शेवटी."

खटखट थांबली होती. मी कप हातात घेऊन त्यांच्या प्रश्नाची वाट बघत उभा राहिलो. मग दारापर्यंत गेलो.

"मामा, चहा झालाय," मी म्हणालो. माणसाचा आवाज त्यांना ऐकू येत नाही हे ठाऊक असूनही पुन्हा एकदा म्हणालो.