ईशान्येची हिरवी टाकी

रविवार, ६ जानेवारी २००२. साडेसातशे रुपये. हजर: मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी, माझे वडील आणि तुळिंजचा शोभेच्या माशांचा दुकानदार. एवढ्या पैशांत दोन फुटी काचेची टाकी, एक ट्यूबलाइट, पाण्यातली चार झाडं आणि सहा गप्पी मासे आले.

मनवेलपाड्याच्या आमच्या घरात टाकीची जागा अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ठरवली. "पाणी ईशान्येलाच." त्या कोपऱ्यात पूर्वेची खिडकी. साडेसात ते साडेदहा टाकीवर थेट ऊन यायचं. मला वाटलं, झाडांना बरंच.

तीन आठवड्यांत पाणी हिरवंगार. पानांवर शेवाळ, काचेवर शेवाळ. मासे वर आले तरच दिसत. दर रविवारी मी सगळं पाणी बदलायचो, बुधवारी पुन्हा तेच.

"टाकी आहे की पालकाचं सूप?" बायको म्हणाली. "पाडव्यापर्यंत मासे दिसले नाहीत तर देऊन टाकणार."

मुलीचे डोळे भरले. "आणि दिसले तर?"

"तर माझ्या पैशांनी आणखी दोन."

माझ्या ऑफिसातले एक स्नेही वसईच्या ख्रिस्ती बागायतदारांपैकी. मार्चमधल्या एका रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर, त्यांनी आम्हा बापलेकीला वाडीतलं बावखल दाखवलं. वाडी शिंपायचं छोटं तळं ते. माडांच्या सावलीत पाणी नितळ होतं. एक माड पडला होता, तेवढ्या उघड्या कोपऱ्यात मात्र हिरवं.

"पाणी एकच. फरक कशाचा, सांग?" त्यांनी मुलीला विचारलं.

"उन्हाचा!" मुलगी ओरडली.

"मग बाबांना सांग. एवढा हिशेबी माणूस, आणि ऊन मोजायचं राहिलं!"

येताना त्यांनी मूठभर तरंगती रोपं दिली. ती वाढली की शेवाळाला खायला उरत नाही, म्हणाले. पैसे घेतले नाहीत.

घरी टाकी हलवायचा विषय काढताच अण्णा खुर्ची ओढून टाकीपुढेच बसले. "माझ्यानंतर हलवा."

"आजोबा, टाकी राहू दे. ऊन हलवू या," मुलगी म्हणाली.

अण्णा खुर्चीवरून उठले. ट्रंकेतलं आपलं जुनं धोतर काढलं, चार घड्या घातल्या आणि खिडकीला स्वतः बांधलं.

त्यानंतर पाणी दर रविवारी तिसरा हिस्साच बदललं. ट्यूब पाच तास, खाणं दिवसाला एक चिमूट. मी रोज टाकीमागे वर्तमानपत्र धरायचो. अकराव्या दिवशी मथळा वाचता आला, एकविसाव्या दिवशी बारीक अक्षर.

पाडव्याला श्रीखंडाआधी मोजणी झाली. मोठे सहा, आणि रोपांच्या मुळांशी अकरा पिल्लं!

"सतरा झाले की! आता आणखी दोन कशाला?" बायको हसून म्हणाली.

"कबूल केलंयस तू," अण्णाच म्हणाले.

त्याच संध्याकाळी बायकोने तीस रुपये मोजले, तुळिंजच्या त्याच दुकानदाराला.